तुमच्या थांबण्यामागचा सूर

मामा, भैरोबाची पालखी बारवेपर्यंत गेली. मधे एकदाही खाली ठेवावी लागली नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिल्यांदा हेच विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत पायातली चप्पलही काढली नसती.

आणि सनई मी वाजवली. हो, मीच, तुमची सून शालन. बारा वर्षं तुमच्या मागं उभं राहून जिनं एकच स्वर धरला, ती. कालची गोष्ट आहे. माझे गाल अजून ठणकतायत, ओठ सुजलेत, सकाळी चहा घेताना कप नीट ओठाला लागेना. तुमचा लेक म्हणाला, "गांधीलमाशी चावल्यावानी दिसती बघ." एरवी असं बोलला असता तर दिवसभर त्याच्याशी बोलले नसते. पण कालपासून मला कशाचाच राग येत नाही. तुमचं तेरावं होऊन पाच दिवस झालेत, तुमची काठी अजून दाराशी टेकलेली आहे, आणि मला घरात एका जागी बसवत नाही. रडू येतं आणि त्या रडण्यातच मधे हसू फुटतं. हे कुणाला सांगायचं? शेजारपाजारी सांगितलं तर म्हणतील, सासरा जाऊन पंधरवडा झाला आणि बाई फुगड्या घालायला निघाली. म्हणून लेकराची अर्धी कोरी वही घेतली आणि लिहायला बसले. दहावी शिकलेली सून केली म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरायचात, तिचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

तुम्हाला आठवतं ना, हे सगळं एका फुंकणीवरून सुरू झालं. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. ऊसतोडीला गेलो होतो आपण सगळे, पाचटाच्या कोपीत राहत होतो. दव पडून सरपण ओलं झालेलं, चूल सारखी विझत होती, म्हणून मी फुंकणी तोंडाला लावून फुंकत बसले होते. बाहेर तुम्ही मिश्री लावत होतात. लावता लावता थांबलात आणि कोपीच्या तोंडातून आत डोकावलात. सुनेच्या चुलीपाशी सासरा असा येत नसतो. मी पदर सारखा करायला फुंकणी खाली ठेवली.

"थांबू नगं," तुम्ही म्हणालात. "फुंक."

मी फुंकली.

"दम कुठून घेती तू?"

"नाकानं."

"फुंकता फुंकता?"

"मंग काय, जाळ थांबतो का माझ्यासाठी?"

तुम्ही तोंडात मिश्री तशीच ठेवून मागं वळलात आणि हाळी दिलीत, "दत्त्या, ऊठ बे. लवकर ये." दत्ता पाण्याची कळशी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, कोपी पेटली. तुम्ही त्याला माझ्यापुढं उकिडवा बसवलंत आणि मला पुन्हा फुंकायला लावलंत. नवरा समोर, सासरा दारात, आणि मी आपली फुंकतेय. तव्यावरची भाकरी कोळसा झाली. तुम्ही तीच खाल्लीत, आणि दिवसभर फडात मोळ्या बांधताना स्वतःशीच हसत होतात.

मला तर यात हसण्यासारखं काय ते कळेना. माझ्या आईनं शिकवलेली गोष्ट होती ती. गालात थोडी हवा साठवायची, ती गालानंच पुढं ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. म्हणजे जाळ मोडत नाही आणि तोंडात धूर जात नाही. आमच्या माहेरच्या सगळ्या बायकांना येतं. तुमच्याकडून मला कळलं की सनईच्या मागं सूर धरणारा माणूस हेच करतो, आणि ते साधायला बाप्यांना दोन-दोन वर्षं लागतात. बायका रोज चुलीपुढं बसून जे करतात, त्याला चुलीबाहेर विद्या म्हणतात, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्हालाही गरज होतीच. तुमच्या जुन्या सूरवाल्याचे दात पडले होते. दत्ताला लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं, पण एकच स्वर धरून खांबासारखं उभं राहायचा त्याला कंटाळा, म्हणून तो संबळ गळ्यात अडकवून मोकळा झाला होता. तोड संपवून गावी आलो आणि तुम्ही मला अंगणात बसवलंत. पुढ्यात पाण्याचा तांब्या, हातात पपईच्या पानाचा पोकळ देठ. देठातून पाण्यात फुंकायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. थांबले की तुम्ही खाटेवरून, डोळे मिटलेले असले तरी, म्हणायचात, "मेला." सूर मेला. दिवसातून पन्नास वेळा मेला. मग एक दिवस तुम्ही माझ्या हातात खरा सूर दिलात. दिसायला सनईच, फक्त भोकं मेणानं बुजवलेली, फुंकलं की एकच स्वर. त्या वर्षी भैरोबाच्या जत्रेत बाई सूर धरणार म्हणून पारावर कुजबूज झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सूर तुटला तर बोला." आपल्या गावची रीतच तशी. पालखी खांद्यावर असेतो मागचा सूर तुटायचा नाही. तुटला तर पालखी आहे तिथं टेकवायची, सगळ्यांनी देवळापाशी परत जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. बारा वर्षांत एकदाही तुटला नाही, मामा. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण तुम्ही तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हता.

पण तुम्ही स्वतः थांबायचात. माझा सगळा राग त्याच्यावर होता.

पालखीची चाल वाजवताना तिसऱ्या ओळीत, स्वर वर चढायच्या ऐन आधी, तुम्ही सनई ओठापासून सोडायचात. अर्धा क्षण. मग श्वास घेऊन वर जायचात. लग्नातही तेच, कुठल्याही गाण्यात, कुठं ना कुठं थांबायचातच. मला कळायचं नाही, की ज्या माणसानं मला न थांबता सूर धरायला शिकवलं, त्याला स्वतःला काय झालं? मी मनाशी ठरवून टाकलं, वय झालं. उसाच्या फडातल्या कुसळांनी छाती गेली. आणि घरच्या माणसाची कमी लोकांना दिसू नये म्हणून मी एक गोष्ट सुरू केली. तुम्ही थांबलात की मी माझा सूर जोरात फुंकायचे. तुमची सनई गप्प झालेली कुणाच्या कानावर येऊच नये इतका.

नांदूरघाटच्या लग्नात तुम्ही मला पकडलंत. मांडव भरलेला, नवरदेव अजून घोड्यावरून उतरायचा होता. तुम्ही थांबलात, मी जोर लावला, आणि तुम्ही वळून माझ्याकडं असं पाहिलंत, असं पाहिलंत, की माझ्या गालातली हवा सुटता सुटता राहिली. लग्न लागलं, पंगती उठल्या, तोवर एक शब्द नाही. टेम्पोत बसल्यावर बोललात.

"माझी जागा कावून भरली?"

"मला वाटलं, तुमचा दम संपला."

"संपला तर सांगीन की तुला. मुका हाय का मी?"

तिथून घरापर्यंत तुम्ही रस्त्याकडं तोंड करून बसला होतात. मला लई वाईट वाटलं, पण चुकले असं काही वाटलं नाही. उलट वाटलं, म्हातारा माणूस, कमी मान्य करत नाही.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. गेवराईकडच्या एका वरातीत दुसऱ्या पार्टीचा सनईवाला एकच तान लांबवत राहिला, लोक मोबाइल काढून वेळ मोजत होते, शिट्ट्या वाजवत होते. मी म्हटलं, "मामा, तुमाला बी हे येतंय की. तुमीच तर शिकवलं. कावून करत न्हाई?"

"मी काय विहिरीवरची मोटार हाय?"

"लोकांना तेच आवडतंय."

"मोटार आवडती म्हणून कुणी ऐकत बसतंय का? ती थांबल्यावरच लोक उठून बघत्यात."

मी लगेच म्हटलं, "आन् मी? मला तर एकदा बी थांबू देत न्हाई तुमी. मी मोटार हाय का मंग?"

तुम्ही चहा मागितलात. उत्तर सापडलं नाही की तुम्हाला तहान लागायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता एक कबुली. तुम्ही शिवारात गेलात की मी कोनाड्यातली तुमची सनई काढायचे. बारा वर्षं मागं उभं राहून सगळ्या चाली कानात बसल्या होत्या, बोटं तेवढी शिकायची होती. दारं लावून, कर्ण्याच्या रुंद तोंडात पदराचा बोळा कोंबून वाजवायचे. परत ठेवताना ओठात धरायची पत्ती पुसायचे, पण ओली पत्ती कितीही पुसली तरी ओलीच राहते. तुम्ही कधी बोलला नाहीत. मग एक दिवस सनईला नवीन पत्ती दिसली, नरम, शिकाऊ माणसाच्या ओठाला सोसेल अशी. तुमच्यासारखा माणूस तसल्या पत्तीला हात लावत नाही. मी समजून गप्प बसले, तुम्हीही गप्प बसलात, आणि आपलं दोघांचं ते गुपित वर्षभर कोनाड्यात पडून राहिलं.

पण जेव्हा तोंड उघडून विचारलं, या थंडीत, की मामा, यंदा पालखीपुढं एखादी चाल मला वाजवू द्या, तेव्हा तुम्ही तडकलात.

"तू सनई घेतल्यावर मी थांबू कुणाच्या जिवावर?"

मीही तडकले. "म्हंजी तुमच्या दमापायी मी जलमभर एकच स्वर फुंकायचा?"

तुम्ही चहासुद्धा मागितला नाहीत. उठून गेलात. मी त्या वाक्याचा अर्थ एवढाच घेतला, की म्हाताऱ्याला आपल्या सोयीची पडलीय. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. जेवायला वाढलं, औषध दिलं, पाय चेपले, सगळं झालं, तेवढंच राहिलं.

आणि मग ती शेवटची दुपार. तुमच्या दोन श्वासांतलं अंतर वाढत चाललं होतं. दत्ता तुमचा हात धरून होता, मी उशापाशी. तुम्ही थांबायचात, आणि मामा, माझे गाल आपोआप फुगायचे. मी नाकानं श्वास ओढून बसायचे, जोर लावायला. इतक्या वर्षांची खोड. पण तिथं भरायला माझ्याजवळ काही नव्हतं. तुम्ही थांबलात आणि मग थांबलातच.

हे एकदा लिहून झालं, बरं झालं. आता कालचं सांगते.

दहाव्यालाच जत्रेचे पंच अण्णा आले. बसले, हळहळले, आणि उठता उठता म्हणाले, "यंदा सनईचं आमी बघतो. पेनड्राईव्हमधी भरून आणलंय पोरांनी, स्पीकरवर लावू. पेनड्राईव्हला दम लागत न्हाई." दत्ता मान हलवणार होता. मी आतून बाहेर आले.

"सनई मी वाजवते, अण्णा. सूर हे धरतील."

दत्तानं माझ्याकडं पाहिलं ते कुणीतरी दुसरीच बाई बोलली असावी असं. अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, "घरात दुःख हाय."

"तेरावं होतंय की आधी. शिवाय ही काय वरात हाय? सेवा हाय."

अण्णांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "घ्या. पण एकदा जरी पालखी टेकली, तर पुढच्या साली पेनड्राईव्ह. मंग बोलायचं न्हाई." म्हणजे काल मी चुकले असते तर तुमच्या बापापासूनची सनई माझ्या हातून संपली असती. तेरावं होईतो सनईला हात लावला नाही. त्यानंतरचे चार दिवस दत्ता तांब्यापुढं देठ घेऊन बसला आणि मी खाटेवरून "मेला" म्हणत राहिले. तेवढं सुख मला भोगू द्या.

काल देवळापुढं उभी राहिले. संबळाला शेजारचा गणपत, माझ्यामागं दत्ता, त्याच्यामागं पालखी. दत्तानं सूर लावला. मी सनई ओठाला लावली आणि मनात म्हटलं, आज दाखवतेच. गावाला, अण्णांना, आणि तुम्हालाही. थांबायचंच नाही. देवळापासून चावडीपर्यंत मी श्वास कुणाच्या कानावर येऊ दिला नाही. गाल, नाक, गाल, नाक. चाल एकदा, दोनदा, तीनदा, सलग. पोरं मोबाइल वर धरून पुढं पुढं उलटी चालत होती. अण्णाही बघत राहिले. मामा, खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला होता की वाटलं, बारवेपर्यंत काय, अशीच वाजवत शिरूर कासारला जाईन.

आणि मागून आवाज आला, "अगं शालन, खांदा बदलायला जागा दे की."

मी वाजवत वाजवत मान वळवली. पालखी एका अंगाला कलली होती. चौघांचेही चेहरे लाल, पुढच्याचा पाय अडखळत होता. इतकी वर्षं आपण पालखीच्या पुढं, तोंड पुढं करून चाललो. मागं खांदेकरी काय करतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ते तुमच्या थांबण्याची वाट बघायचे. तिसऱ्या ओळीत, वर चढायच्या आधी, तुम्ही सनई सोडलीत की चौघं एकदम खांदा बदलायचे आणि तुमच्या वरच्या स्वराबरोबर पाऊल उचलायचे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुमच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं. आणि आता माझ्या मर्दुमकीनं पालखी टेकायची वेळ आली होती.

तिसरी ओळ आली. चिंचेखाली होतो आम्ही. मी सनई ओठापासून सोडली.

मला वाटलं होतं, थांबलं की सगळं पडेल. नाही पडलं. दत्ताचा सूर मागं होता तसाच होता, माझ्या पाठीला टेकलेला. मी त्याच्यावर भार देऊन उभी राहिले आणि तोंडानं, छाती भरून, सगळ्यांना दिसेल असा श्वास घेतला. मागं खांद्याला खांदा लागल्याचा धप असा आवाज झाला. थंडीत तुम्ही जे बोलला होतात ना, कुणाच्या जिवावर थांबू, ते तेव्हा कळलं मला. मी त्याला तुमची सोय समजले होते. थांबायचं असेल तर मागं कुणीतरी लागतं, आणि बारा वर्षं ती मी होते, हेच तुम्ही तुमच्या आडमुठ्या भाषेत सांगत होतात. मी त्यावर तुम्हाला काय बोलले तेही आठवलं. माझे डोळे भरून आले आणि समोरची वाट दिसेना.

पण रडायला वेळ कुठं होता? वर चढायचं होतं. चढले. असा स्वर लागला, मामा, की पुढं उलटी चालणारी पोरं जागीच थांबली आणि मोबाइल खाली आले. पालखी सरळ झाली, पावलं एक झाली. तिथून बारवेपर्यंत प्रत्येक तिसऱ्या ओळीला मी थांबले, आणि प्रत्येक वेळी मागून धप आवाज आला.

लग्नात कुणाच्या खांद्यावर पालखी नसते, मग तिथं कशाला थांबायचात, हा प्रश्न मी तुम्हाला नक्की टाकला असता. तुम्ही चहा मागितला असता. आता तेवढं उत्तर मलाच वाजवून शोधावं लागेल.

आणखी एक राहिलं. बारव जवळ आली, शेवटची ओळ होती. मी थांबले, आणि मागून दत्ताचा सूर एकदम मोठा झाला. कान भरून टाकील इतका. माझी जागा पार बुजवून टाकली त्यानं. मी वळून त्याच्याकडं पाहिलं. तुम्ही नांदूरघाटला पाहिलं होतंत, अगदी तसं. त्याच्या गालातली हवा सुटता सुटता राहिली.

पालखी बारवेत उतरली, गुलाल झाला, अण्णा येऊन म्हणाले, "पुढच्या साली बी तूच." मी मान डोलावली आणि दत्ताला बाजूला घेतलं.

"मधी जोर कावून लावला?"

तो घाबरला होता, घामानं भिजला होता. म्हणाला, "मला वाटलं, तुझा दम संपला."

बारवेच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता तुमच्यासाठी मोठ्यानं रडले, तेराव्यालासुद्धा रडले नव्हते तशी. मामा, माझा दम संपला नव्हता. तुमचाही नव्हता संपला. तुम्ही टेम्पोत सांगितलं होतंत तसं, संपला असता तर सांगितलं असतंत मला.